बावीस बायांचे बावीस कागद

धुरपताबाई मडावीले लिहिता येत नाई. सही येते, ते बी ‘धुरपता’ इतलीच. आडनाव लिहाले घेतलं का तिले कंटाळा येते. म्हून तिच्याबद्दल मी लिहून राह्यली. मी नववीत शाळा सोडली. नापास झाली नाई, त्याच्या आधीच निघाली. तवा चुका दिसल्या तं दिसू द्या.

आमचं गाव चिंचगुडा. गडचांदूरवरून कोरपन्याच्या रस्त्यानं आलं का जंगलाकडे एक फाटा फुटते, तो आमचा. माणसं सिमेंटच्या कामाले जातात, बाया वावरात. अर्धी घरं आमची गोंडाची, अर्धी कुणब्याची. कापूस सगळ्याचा सारखाच.

जून लागला का सरकी टोबाले बायाची गँग लागते. टोबणं म्हणजे वाकून चालत जाचं, हातभर अंतरावर मातीत बोट खुपसाचं, दोन सरक्या टाकाच्या, माती लोटाची. असं दिवसभर. धुरपताबाईची गँग बावीस बायांची आहे. सोमवारी येतो म्हटलं तं ती सोमवारीच येते. अंगात ताप असला तं तापासंगं येते. बुटकी आहे, दोन्ही हातावर कोपरापर्यंत गोंदण आहे, अन् चालाले लागली का आमाले पळा लागते.

मी शाळा सोडली तवा गावातल्या एकूणएक माणसानं मले इचारलं, काऊन सोडली म्हून. माझ्या बापानं इचारलं, मास्तरनं इचारलं, किराणावाल्यानं बी इचारलं. धुरपताबाईनं इचारलं नाई. ती म्हणली, “सकाळी सहाले ये. पाणी आपलं आपण आण.” मी गेली. चार वर्षं झाली, अजून तिनं इचारलं नाई.

आता सरकी कशात घेतात ते सांगा लागन, कारण सगळा मामला तिथीच आहे. सरकी घेतात ओटीत. लुगड्याचा पदर कमरेले खोचून पोटावर झोळी कराची, त्याच्यात दीड-दोन किलो सरकी. बादली धरली तं वाकता येत नाई, हे एक. दुसरं, बुढ्या सांगतात का बी बाईच्या ओटीतून धरतीच्या ओटीत गेलं पायजे, तवा ते फुटते. पण आजकालची सरकी कंपनीतूनच औषध लावून येते, गुलाबी गुलाबी. घाम आला का तो रंग सुटते. सांजच्याले आंघोळीले बसलं का पोट गुलाबी. आमी हासत होतो. गुणाबाई, म्हणजे आमच्या गँगमधली सगळ्यात तोंडाळ बाई, ती म्हणे, “होळी आमच्या पोटावरच खेळतात, बाकी सगळं कोरडं.”

दोन वर्षाआधी, महाशिवरात्रीची जत्रा झाली अन् आठ दिवसानं नागपूरवरून शेंडे मॅडम आल्या. एका संस्थेत संशोधन करतात. समाजमंदिराच्या ओट्यावर आमाले बसवलं अन् सांगाले लागल्या.

“शेतातल्या औषधाचं आतापर्यंत तपासलं ते फवारणी करणाऱ्या पुरुषांचं. बायकांच्या अंगात किती जातं, हे कोणी नीट पाहिलंच नाही. तुम्ही फक्त सकाळची पहिली लघवी बाटलीत द्यायची. सुई नाही, रक्त नाही.”

गुणाबाई म्हणली, “बस इतलंच? आमी तं नागपूरले काई चांगलं पाठवलं असतं. मोहाचे लाडू.”

सगळ्या हासल्या, मॅडम बी. धुरपताबाई हासली नाई. तिनं इचारलं, “तपासलं का मंग आमाले सांगाल?”

“अहवाल येईल ना. गावाचा सरासरी आकडा ग्रामपंचायतीत देऊ.”

धुरपताबाईनं माझ्याकडे पाह्यलं. मी सांगतलं, “बावीस जणीचं मिळवाचं अन् बाविसानं भागाचं.”

“मंग ते कोणाचं झालं?”

“कोणाचंच नाई.”

धुरपताबाई मॅडमकडे वळली. “गावाले पोट नाई, मॅडम. पोट बाईले आहे. जिचं तिले सांगा.”

गुणाबाईले तेच पायजे होतं. तिनं त्या शिबिराची गोष्ट काढली. त्याच्या आधीच्या वर्षी कुठचं तं एक शिबिर आलं होतं, बायाचं रक्त घेतलं, कागद पाठवतो म्हणले, अन् गेले ते गेले. “माझं रक्त अजून कुठी तरी फिरून राह्यलं असन,” ती म्हणली. “भेटलं तं सांगजा, घरी वाट पाहून राह्यले म्हणा.”

मॅडमनं खरं ते सांगतलं, हे मी मानते. त्या म्हणल्या का अशा अभ्यासाले परवानगी देणारी एक कमिटी राह्यते, आपापला आकडा द्याची परवानगी त्यायनं घेतलीच नव्हती. अन् त्यायले सोताले बी भेव वाटते. “किती आकड्याला आजार होतो, हे आम्हालाही नक्की माहीत नाही. मी तुमच्या हातात आकडा दिला अन् तुम्ही रात्रंदिवस काळजी करत बसलात, तर?”

“काळजी आमची आमी करू,” धुरपताबाई म्हणली. “अन् तुमाले माहीत नाई, तं तेच लिहा. ‘आमाले बी माहीत नाई.’ आमाले अडाणी समजा, पण खोटं नोका सांगू.”

मॅडम गेल्या. मले वाटलं, ह्या काई येत नाई आता. पण मे महिन्यात आल्या, हातात कमिटीचं पत्र. मी मोठ्यानं वाचलं. ज्या बाईले पायजे तिले तिचा निकाल देता येईन, असं त्याच्यात होतं. त्या पत्रासाठी मॅडमले कमिटीसमोर तीनदा उभं राहा लागलं, हे आमाले लय उशिरा कळलं, ते बी त्यायच्या ड्रायव्हरकडून.

धुरपताबाईनं वरून एक अट घातली. कागद जिचा तिच्याच हाती. नवऱ्याच्या नाई, सासूच्या नाई, सरपंचाच्या नाई. मॅडम हो म्हणल्या. मंग धुरपताबाई घरोघरी फिरली. मी बी संगं होती.

सगळ्यात कठीण होतं आमचंच घर. माझी वहिनी, रंजीता, ती बी आमच्याच गँगमधली. तिचे दोन गेले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. तिले भेव होतं का कागदात काई निघालं तं लोक म्हणतील, पाहा, हिच्यातच दोष. चुलीजवळ बसून ती लसूण सोलत राह्यली, वर पाह्यलं नाई. माझी माय दारातच होती.

धुरपताबाई तिच्या जवळ जाऊन बसली. लसणाची एक पाकळी तिनं बी घेतली सोलाले. “तुझा कागद तुझ्या हाती येईन. मी आणून देईन, पायजे तं पाकिटाले टाका मारून. माझ्या जबानीवर दे.”

रंजीता वहिनीनं मान हलवली. तिनं मॅडमले हो म्हटलं नव्हतं, धुरपताबाईले हो म्हटलं होतं. बाकीच्या वीस बायाचं बी तसंच होतं. म्हणजे आता बावीस बाटल्या धुरपताबाईच्या जबानीवर उभ्या होत्या.

अन् इथीच तिनं घोळ केला.

टोबणी जोरात सुरू होती. मॅडमचा निरोप आला का बुधवारी सकाळी बाटल्या घ्याले येतो. रविवारी सांजच्याले धुरपताबाईनं सगळ्या जणीले आंगणात बोलावलं. म्हणली, “सोमवार-मंगळवार कोणीच वावरात जाचं नाई. साबण लावून आंघोळ करा, डोकं धुवा, धुतलेलं लुगडं नेसा. पोट चांगलं घासा. आपल्या गावचं नागपूरच्या काचेच्या भांड्यात जाऊन राह्यलं. चिंचगुड्याच्या बाया घाणेरड्या, असं कोणी म्हणू नये.”

आमाले ते बरोबरच वाटलं. पेनाच्या पूजेले, म्हणजे आमच्या देवाच्या पूजेले जातो तवा तसंच करतो ना. आंघोळ केल्याबिगर कोणी काई नेऊन ठेवत नाई. आमी दोन दिवस घरी राह्यलो. मी तं शिककाईनं डोकं धुतलं, लघवी द्याले. अन् बुधवारी नव्या लुगड्यात, केसात फूल घालून बाया बाटल्या घिऊन रांगेत उभ्या. मॅडमच्या लोकायनं फोटो काढला. फॉर्मवर इचारलं, शेतात काम करता का. आमी म्हणलो, हो. किती वर्षापासून? इतले वर्षं. खोटं कोणीच बोललं नाई.

फक्त एक गोष्ट झाली. दादाजीभाऊचं वावर अर्धं राह्यलं होतं, अन् धुरपताबाईनं त्याले शब्द दिला होता का मंगळवारपर्यंत सरकी मातीत जाईन. म्हून ती एकटीच गेली. सोमवार अन् मंगळवार, दोन्ही दिवस, ओटीत सरकी घिऊन, अंधार पडेपर्यंत. बाविसाव्या बाईची बाटली तशीच गेली, सरळ वावरातून.

निकाल आले जानेवारीत. त्याच्या आधी मॅडम एकदा कागदाचा नमुना घिऊन आल्या होत्या, बायाले समजते का पाहाले. रेघा, आकडे, टक्के. धुरपताबाईनं उलटापालटा करून पाह्यला अन् म्हणली, “हे विजेचं बिल दिसून राह्यलं.” मंग बायायनंच सांगतलं का सरकी काढा. एका लांब रेघेवर बावीस सरक्या. कमी औषध तं डाव्या हाताले, जास्त तं उजव्या हाताले. नाव कोणाचंच नाई. जिचा कागद, तिची सरकी तेवढी गुलाबी रंगवाची. मॅडमनं तसंच केलं. खाली ठळक लिहिलं होतं: ‘या आकड्यावरून आजार होईल की नाही, हे आम्हाला अजून माहीत नाही.’

एकेकीले खोलीत बोलावलं. दार लावून मॅडम समजावून सांगत होत्या, मंग पाकीट हातात. दारावर कोणाचा नवरा नाई, कोणी नाई. रंजीता वहिनी आत गेली तवा मी बाहेर नखं खात बसली होती. बाहेर आली अन् भिंतीले टेकून उभी राह्यली, कागद छातीशी धरून. मंग मले दाखवला. तिची गुलाबी सरकी एकदम डाव्या हाताले होती.

कागद गुप्त ठेवाचे होते, पण बाया त्या बायाच. पाच मिनटात सगळे कागद ओट्यावर. सगळ्याइच्या सरक्या डावीकडे, एकावर एक, दाण्याची मूठ सांडल्यासारख्या. अन् एकच सरकी पार उजव्या हाताले, कागदाच्या काठावर, एकटी.

“हे कोण वं?” गुणाबाईनं सुरू केलं. “सांगा, सांगा. औषधाचा डब्बाच प्याली का काय बाई?”

कोणी कबूल करेना. बाया खुशीत होत्या. कोणी म्हणे, पाह्यलं, आपल्याले काई होत नाई. कोणी म्हणे, आता नवऱ्याले सांगते, उगाच बोंबलत होता. धुरपताबाई खांबाजवळ बसली होती, पाकीट ओच्यात खोचून. तिनं आपला कागद कोणाले दाखवला नव्हता. तिले कोणी इचारलं बी नाई.

तेवढ्यात रंजीता वहिनी माझ्या कानाशी बोलली, पण ऐकू सगळ्याइले गेलं. तिले परत दिवस गेले होते, दुसरा महिना. “माझ्यात काईच नाई निघालं, मंगली. म्हणजे ते दोन औषधानं गेले नाई. माय नोको म्हणून राह्यली, पण जूनमध्ये मी टोबाले येते. घरी बसून भेव जास्त वाटते.”

मी म्हणली, “ये ना.” खरंच म्हणली. मले काई समजलं नव्हतं.

धुरपताबाईनं वहिनीकडे पाह्यलं. मंग आपल्या पोटाकडे पाह्यलं, मंग खाली. मी तिले चार वर्षं रोज पाहून राह्यली, पण तसा चेहरा कधी पाह्यला नव्हता. चूप बसली असती तं सगळं ठीक होतं. कागद दिलेल्या जबानीप्रमाणं हाती आले होते, गावाचं नाव चांगलं निघालं होतं, बाया तिचेच गुण गाऊन राह्यल्या होत्या. फक्त रंजीता वहिनी सातव्या महिन्याचं पोट घिऊन, त्याच्यावर दोन किलो गुलाबी सरकी बांधून वावरात आली असती.

ती उठली. “थांबा,” म्हणली. “कागद घड्या करू नोका.” अन् ओच्यातून आपला काढून सगळ्याइच्या मधात ठेवला. काठावरची ती एकटी सरकी गुलाबी होती.

गुणाबाईनं वाकून तो जवळून पाह्यला.

“हे माझी आहे. अन् खरी हेच आहे,” धुरपताबाई म्हणली. “तुमच्या सगळ्या खोट्या आहेत. मी खोट्या केल्या.”

मंग तिनं मॅडमले बोलावून सगळं सांगतलं. दोन दिवस घरी बसवलं, साबण, धुतलेलं लुगडं, पोट घासणं, सगळं. अन् आपण दादाजीभाऊच्या वावरात दोन दिवस काय केलं ते बी. मान खाली नाई घातली. आवाज तेवढा बारीक झाला होता.

मॅडम खाली बसल्या, ओट्याच्या पायरीवरच. त्यायनं सांगतलं का हे औषध अंगातून दोन-तीन दिवसात निघून जाते. म्हणजे बाटलीत जे येते ते कालपरवाचं येते. आमी कालपरवा घरी डोकं धूत होतो. मंग थोड्या चिडूनच म्हणल्या, “धुरपताबाई, मी अहवालात लिहून टाकलं होतं. या गावातल्या बायकांच्या अंगात औषध अगदी कमी जातं, असं. छापायला जाणार होतं. तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं, शेतात काम करता का. आमी हो म्हणलो. काल काय केलं, हे कोणी इचारलं?”

मॅडम एकदम हासल्या, पण डोळ्यात पाणी आलं होतं. “नाही विचारलं. चूक माझी आहे.”

“आंघोळीची माझी. अर्धी अर्धी करू.”

मॅडमनं तिचा कागद हातात घेतला. “सरासरी काढून ग्रामपंचायतीत दिली असती, तर ही एक सरकी बाकीच्यांमध्ये मिसळून गेली असती. कोणाला कळलंच नसतं. मलाही नाही.”

मंग त्यायनं धुरपताबाईले इचारलं, त्या दोन दिवसात नेमकं कसं काम केलं ते करून दाखवा. अन् धुरपताबाईनं तिथीच पदर खोचून ओटी केली. मॅडमनं पोटावरच्या त्या झोळीकडे पाह्यलं. त्या चार वेळा गावात येऊन गेल्या होत्या, पण सरकी कशात घेतात हे त्यायनं पाह्यलंच नव्हतं. त्यायले वाटत होतं, बादलीत घेत असतील.

सगळ्या बाया खुश झाल्या असं नाई. दोघी-तिघी चिडल्या. “आमाले सोंगाड्या बनवलं,” एकजण म्हणली अन् कागद फेकून गेली. धुरपताबाईनं तो उचलला, झटकला, अन् सांजच्याले तिच्या घरी नेऊन दिला. तिचा होता ना तो.

पुढच्या टोबणीले ओटी बंद. मॅडमनं हातमोजे दिले, अन् जाड रेक्झिनच्या पिशव्या शिवून आणल्या, खांद्याले अडकवाच्या, पोटापासून लांब. दादाजीभाऊ बांधावर उभा राहून बोंबलला, “ओटीतली सरकी फुटते. पिशवीतली पोचट निघन, मी आत्ताच सांगून ठेवतो.”

“मंग तुमी बांधा ना ओटी, भाऊ,” धुरपताबाई म्हणली. “धोतराचा सोगा मोठा आहे तुमचा.”

पण तिनं त्याचं मन बी राखलं. पहिल्या तासाले, म्हणजे पहिल्या ओळीले, उभं राहून तिनं ओटीत पाच दाणे घरच्या ज्वारीचे घेतले, बिनऔषधाचे, अन् ते मातीत टाकले. मंग पिशवीत हात घातला. आमी बी तसंच केलं. दादाजीभाऊचं वावर बरोबर फुटलं. त्यानं तसं कधी म्हटलं नाई, पण यंदा त्यानंच पहिला निरोप पाठवला.

रंजीता वहिनी आली नाई. म्हणजे आली, पण झाडाखाली बसली, आमचं पाणी पाहाले. तिच्या वाट्याच्या ओळी आमी एकवीस जणीनं वाटून घेतल्या. ऑगस्टात तिले पोरगी झाली, अडीच किलोची. मी मॅडमले इचारलं, हे ओटी सोडल्यानं झालं का. त्या म्हणल्या, “तसं म्हणता येत नाही, मंगली. आधीचे दोन का गेले, तेही सांगता येत नाही.” मले राग आला होता. धुरपताबाई म्हणली, “येत नाई तं नाई म्हणून राह्यली बाई. त्याच्यासाठीच तं आपण तिले मानतो.” वहिनीले मात्र कोणाच्या सांगण्याची गरज नाई. तिची पोरगी आता चालून राह्यली, अन् सणासुदीले पहिला घास धुरपताबाईच्या हातून खाते, असा नेम आहे आमच्या घरी.

त्याच टोबणीत दुसऱ्या बाटल्या बी झाल्या होत्या. यावेळी आंघोळ नाई, सुट्टी नाई. वहिनी सोडून एकवीस बाया. ज्या चिडल्या होत्या त्या बी आल्या. मातीचे पाय, घामाचं लुगडं, अशाच उभ्या राह्यल्या. मॅडम फोटो काढत नव्हत्या, धुरपताबाईनं सांगतलं म्हून काढला.

कागद आले डिसेंबरात. खोली तीच, पाकिटं तशीच. धुरपताबाईची सरकी काठावरून निघून मधात आली होती. बाकीच्या बी मधातच, कोणी थोड्या इकडे, कोणी थोड्या तिकडे. खरी रांग कशी दिसते ते आमी पहिल्यांदा पाह्यलं. अन् काठावर एक.

तो कागद माझ्या हातात होता.

मॅडमनं आत दोनदा इचारलं, हातमोजे घातले होते ना? मी हो म्हणली. पिशवी लांब होती ना? हो. फाटली होती का? नाई. त्यायले कोडंच पडलं. मी पाकीट बंद करून बाहेर आली. बाहेर सगळ्या ओट्यावर कागद पसरून बसल्या होत्या, अन् गुणाबाईनं सुरू केलंच होतं, “यंदा कोण वं?”

मी निघून जाऊ शकत होती. नाव नव्हतंच कागदावर. पण धुरपताबाई खांबाजवळ बसली होती, मागच्या वेळी जिथून उठली तिथीच.

“माझी आहे,” मी म्हणली. “मी मधामधात हातमोजा काढत होती.”

“काऊन?” धुरपताबाईनं इचारलं.

“खर्रा खाले.”

आता हे सांगा लागते, खर्रा म्हणजे तंबाखू, चुना अन् सुपारी घोटून, अन् धुरपताबाईले तो खाणाऱ्या पोट्ट्याचा तिटकारा आहे. तिचा भाऊ मुखरू तोंडाच्या कॅन्सरनं गेला. मी खाते हे तिले माहीत नव्हतं. तीन वर्षं लपवलं. तासाच्या कोपऱ्याले पोचलं का हातमोजा काढाचा, पुडी तळहातावर घोटाची, तोंडात टाकाची, परत हातमोजा. दिवसातून सहा-सात वेळा, अन् सरकीची भुकटी हाताले, मनगटाले, सगळीकडे. ती खर्ऱ्यासंगं तोंडातच गेली असन.

मले वाटलं, आता तोंडावर हाणते. तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणली, “इकडे ये. बस.” मी बसली. “घरी गेल्यावर तुले पाहते मी. आता मॅडमले सांग. कोणत्या हातानं घोटत होती, ते बी सांग.”

मी सांगाले लागली. तेवढ्यात मागून गुणाबाई म्हणली, ते बी एकदम हळू, “लेहा मॅडम, मी बी. पण मी दोनदाच.” मंग दुसरी बोलली, तंबाखू. मंग एक बुढी, तिची नस, म्हणजे तंबाखूची भुकटी, दाताले घासाची. सहा जणी निघाल्या. धुरपताबाई एकेकीकडे पाहत गेली अन् शेवटी म्हणली, “म्हणजे गँगमध्ये मी एकटीच उपाशी होती.”

मॅडमनं पिशवीतून पुढच्या वर्षीचा फॉर्म काढला, पेनानं खाली एक ओळ लिहिली, अन् धुरपताबाईच्या समोर धरला. धुरपताबाईनं तो माझ्याकडे सरकवला.

“वाच,” म्हणली. “बरोबर इचारून राह्यल्या का पाह्य.”

मी वाचलं: “काल काम करताना तुम्ही हात न धुता तोंडात काय काय घातलं?”

“‘किती वेळा’ बी लिहा,” धुरपताबाई म्हणली. मॅडमनं लिहिलं.